‘वहिनी’ म्हणलं की विषय संपतो

परवा एका मुलाचा मेसेज आला. "मॅडम, माझा मित्र त्याच्या गर्लफ्रेंडशी नीट वागत नाही, मी रोज डोळ्यांनी बघतो. मध्ये पडलो तर मैत्री जाईल आणि वर सगळे विचारतील, तुझी कोण लागते ती? काय करू?"

हा प्रश्न मला नवीन नाही. कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट बघितलीये, जिला त्रास होतोय ती सहसा आधी येत नाही, त्रास देणारा तर स्वतःहून येतच नाही, येतो तो हा तिसरा, नुसतं बघत बसलेला. तोही सरळ नाही येत, काहीतरी वेगळंच कारण काढून येतो.

ओंकार गुडघ्याचं कारण काढून आला होता. (नावं सगळी बदललीयेत, गावही सांगत नाही, आणि दोघांची परवानगी घेऊनच लिहितेय. कबड्डी मात्र तशीच ठेवलीये, ती काढली तर गोष्टच उरत नाही.) सेकंड इयर बीए, कबड्डीच्या टीममध्ये डावा कोपरा, म्हणजे कडेला उभा राहून पकड करणारा. म्हणाला, गुडघा दुखतो, प्रॅक्टिसला मन लागत नाही. मी म्हणलं गुडघ्याला फिजिओकडे जा बाबा, माझ्याकडे काय. तरी उठेना. खुर्चीची पट्टी खरवडत बसला आणि दहा मिनिटांनी म्हणाला, "मॅडम, आमचा कॅप्टन वहिनीला लई त्रास देतो."

मला आधी वाटलं कॅप्टनचं लग्न झालंय. नाही. वहिनी म्हणजे मुलींच्या टीममधली तन्वी, रेडर म्हणजे चढाई करणारी, वय 19. कॅप्टन रोहितशी तिचं जमलं तेव्हापासून पोरांच्या सगळ्या टीमने तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली. गमतीत, आदराने सुद्धा. त्यात वाईट काही नव्हतं असं ओंकारला अजूनही वाटत होतं. पण मला विचाराल तर सगळं कुलूप त्या एका शब्दात होतं. पोरगी एकदा वहिनी झाली की तिचं जे काही चालेल ते दादाच्या घरातलं, आणि दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात कोण पडतं हो आपल्याकडे?

त्रास म्हणजे काय, तर तिचं लाइव्ह लोकेशन दिवसभर चालू पाहिजे. फोनचा पासवर्ड त्याच्याकडे. प्रॅक्टिस संपल्यावर पाच मिनिटं उशीर झाला की जिमच्या मागे उलटतपासणी. एकदा मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी ती फुल बाह्यांचा टीशर्ट घालून आली, उन्हाळ्यात. आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच रोहित लिहिणार, "आज हिला सरळ करतो", त्याच्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. ओंकारची पण त्यात एक होती. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

आता माझी चूक सांगते. मी घाई केली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती आहे, अर्ज असा करतात, मी सोबत येते, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. पोरगा "हो मॅडम, हो मॅडम" करत उठला आणि दोन आठवडे फिरकला नाही. साहजिक आहे. तो विचारायला आला होता की मी उद्या ग्राउंडवर काय करू, आणि मी त्याच्या हातात सरकारी जीआर दिला.

परत आला तो इंटर-झोनल स्पर्धेहून आल्यावर. मुलंमुली एकाच बसमध्ये, सर पुढच्या सीटवर झोपलेले, मागे अंताक्षरी. रोहितने तन्वीचा फोन काढून घेतला आणि देईना, ती मागतेय, हा हात पिरगाळतोय, आणि गाणी अजून मोठ्याने चाललीयेत, ते ऐकू येऊ नये म्हणूनच बहुतेक. चहाला बस थांबली तेव्हा ओंकार उठून म्हणाला, "कॅप्टन, सर बोलावतायत, बिलाचं बघायला." रोहित खाली उतरला, फोन सीटवरच राहिला, तन्वीच्या मैत्रिणीने उचलला आणि दोघी पुढे सरांच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. संपलं.

"मी खोटं बोललो मॅडम," ओंकार म्हणाला, "सरांनी बोलावलंच नव्हतं."

मी त्याला सांगितलं, अरे तू जे केलंस ना ते शिकवायला आम्ही दिवसभराची ट्रेनिंग घेतो. लक्ष वळवणं म्हणतात त्याला. भांडायचं नाही, कॉलर धरायची नाही, फक्त तो क्षण मोडायचा. बऱ्याच पोरांना वाटतं मध्ये पडणं म्हणजे सिनेमातल्यासारखं मध्ये पडणं, आणि ते जमणार नाही म्हणून मग काहीच करत नाहीत. शिवाय चारचौघांत कॅप्टनचा अपमान झाला असता तर त्याचा राग रात्री कुणावर निघाला असता? ओंकारवर नक्कीच नाही.

मग विचारलं, तू मॅटवर पकड एकटा करतोस का? तो हसला. म्हणाला, कोपऱ्याने एकट्याने उडी मारली तर सर शिव्या घालतात, कव्हर, म्हणजे पकडीला साथ देणारा आतला गडी, सोबत यायला पाहिजे. मग इथे तुझं कव्हर कोण? बारा जणांच्या टीममधली दोन नावं त्याने घेतली, जरा विचार करून. त्यातल्या एकाशी त्या आठवड्यात बोलला तर तो म्हणाला, "च्यायला, मला वाटलं मलाच एकट्याला खटकतंय." हे नेहमीचं आहे. ग्रुपमधला प्रत्येक जण समजतो की बाकीच्यांना हे चालतंय, म्हणून हसतो, आणि त्याचं हसणं बघून बाकीचे समजतात की याला चालतंय.

तिघांनी मिळून फार काही केलं नाही. ग्रुपवर त्या जोकना इमोजी टाकणं बंद केलं. आणि तन्वीला तन्वी म्हणायला लागले. एवढंच. पहिल्या दिवशी रोहितने विचारलं, "काय रे, वहिनी कुठं गेली?" तर ओंकारचा कव्हर म्हणाला, "तिला नाव आहे की." मला हे वाक्य फार आवडलं, पण त्या पोराला त्या दिवशी पाणी प्यायला कुणी बाटली दिली नाही हेही खरं.

तिच्याशी बोलायचं कसं हाही प्रश्न होता. मी म्हणलं तू एकटा गाठून बोलू नकोस, रोहितला कळलं तर तिचंच वाईट होईल, तिच्या मैत्रिणीमार्फत निरोप दे. निरोपही साधा, की बसमधलं आम्ही बघितलंय, तुझं काही चुकलेलं नाही, काही लागलं तर सांग. "सोड त्याला" असं म्हणायचं नाही. सोडायचं की नाही, कधी सोडायचं, हे तिचं तिने ठरवायचं. अशा नात्यात सोडण्याच्या आसपासचे दिवस सगळ्यात जास्त जपायचे असतात आणि ते दिवस कधी येणार हे बाहेरच्यांनी ठरवणं धोक्याचं.

तीन आठवड्यांनी ती मैत्रिणीला घेऊन आली. तिला रोहितची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती घरची होती. "पप्पांना कळलं तर पहिलं कबड्डी बंद, दुसरं स्थळं बघायला सुरुवात." खेळणाऱ्या मुली का बोलत नाहीत असं विचारणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं, मी गेल्या काही वर्षांत ते निरनिराळ्या खेळांतल्या मुलींकडून ऐकलंय. तिला सांगितलं की तू सज्ञान आहेस, समितीकडे अर्ज द्यायला घरच्यांची सही लागत नाही. (ती 18 च्या खालची असती तर गोष्ट वेगळी, लैंगिक त्रास असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक असतं, आणि ते मी मुलीला बोलायच्या आधीच सांगते.)

दुसरी अडचण फोटोंची. सोडलंस तर व्हायरल करीन अशी धमकी होती. इथे मुली घाबरून सगळं चॅट डिलीट करतात, तसं करू नका, धमकीचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आणि एक कॉपी विश्वासातल्या कुणाकडे. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 नंबर आहे, राष्ट्रीय पोर्टल आहे. स्टॉप एनसीआयआय म्हणून एक मोफत सोय आहे, तिथे फोटो द्यावा लागत नाही, तो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा जातो आणि त्या सोयीत सामील असलेल्या साइट्स त्यावरून तो फोटो अडवू शकतात. लोकेशन आणि पासवर्डचं मात्र एका रात्रीत बंद करायचं नाही असं आम्ही ठरवलं, अचानक बंद झालं की समोरचा धावत येतो. मैत्रिणीकडे राहायचा दिवस बघून, हॉस्टेलच्या रेक्टरना सांगून, मग बंद केलं.

आता सर. कोच माणूस वाईट नाही, पण पहिलं वाक्य, "मॅडम, मी कबड्डी शिकवतो, लव्ह मॅटर माझ्याकडे नाही." दुसरं वाक्य त्याहून भारी, "दोघांना केबिनमध्ये बोलावतो, मिटवून टाकू." मी हात जोडले. म्हणलं सर, तिला त्याच्या समोर बसवलंत तर ती "काही नाही सर" म्हणेल आणि बाहेर गेल्यावर मार खाईल. समेटाची वाट कायद्यात आहे, पण ती त्या मुलीने स्वतःहून मागितली तरच. आणि बसमध्ये झालं म्हणजे कॉलेजबाहेर झालं असंही नाही, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2015 च्या लैंगिक छळाबद्दलच्या नियमांत कॉलेजच्या गाडीतला प्रवास येतो, स्पर्धेची जागाही येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तर स्टेडियम, ट्रेनिंगची जागा हे स्पष्टच लिहिलंय. अर्जाला घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर अजून तीन. चौकशी चालू असताना दोघांच्या प्रॅक्टिसच्या वेळा वेगळ्या करता येतात. वेळा बदलायच्या तर त्याच्या बदला, तिच्या नाही, हे मला तीनदा सांगावं लागलं.

सरांना मी मुंबईतल्या ‘परिवर्तन’चं सांगितलं. अमेरिकेत हायस्कूलच्या कोचेसकडून मुलांशी दर आठवड्याला थोडं थोडं बोलून घ्यायचा एक प्रोग्राम होता, कॅलिफोर्नियात 16 हायस्कूलमध्ये तपासला तेव्हा त्यातली मुलं मित्राला जास्त टोकायला लागली असं दिसलं. तोच आपल्याकडे ‘परिवर्तन’ नावाने क्रिकेट कोचेससाठी बसवला. कोचने मोठं भाषण द्यायचं नाही, थोडं थोडं बोलायचं, बस. माझं मत सांगते, 8 मार्चला हॉलमध्ये पाहुणे बोलावून जे व्याख्यान होतं त्यात पोरं मोबाईल बघतात. सर मॅटवर जे बोलतात ते मात्र पोरांच्या डोक्यात राहतं, कारण टीम सर निवडतात.

सर तयार झाले आणि पहिल्याच दिवशी घोळ. म्हणाले, "मैदानाबाहेर कुणी मुलीचा हात धरलेला दिसला तर मॅटवर दिसायचं नाही!" पोरांनी अर्थ काढला की सरांनी प्रेमबंदी केली. दोन खऱ्या जोड्या बिचाऱ्या आठवडाभर लांब लांब चालत होत्या. मग सरांनी परत सांगितलं, जरा लाजत, की हात धरा, पण तिने सोड म्हणलं की सोडायचा, रेडर मिडलाइनला टेकला की पकड सुटते तसा. हे त्यांचं स्वतःचं, माझं नाही.

रोहितचं पुढे काय झालं हे विचारू नका. तन्वीने अर्ज दिला एवढं सांगते, तेही तिने सांगू दिलंय म्हणून, चौकशीतलं बाहेर बोलायला कायद्याने मनाई आहे आणि ती मनाई योग्यच आहे. तन्वी खेळतेय.

ओंकार पुढच्या दोन मॅचना बाहेर बसला. त्यामुळे की फॉर्ममुळे, खरंच माहीत नाही. टीममधले दोघं त्याच्याशी अजून बोलत नाहीत. ज्याने मेसेज केलाय त्याला हे लपवून सांगणार नाही, मैत्री थोडी जाऊ शकते. पण आधी तुझं कव्हर शोध, आणि आज रात्री ग्रुपवर तसलं काही आलं तर हसायची इमोजी टाकू नकोस, इतकं एकट्याने जमतं. मारहाण समोर चाललेली असेल तर मात्र युक्त्या करत बसू नकोस, पोलिसांच्या मदतीसाठी 112 लाव. तिला स्वतःला बोलायचं असेल तर महिला हेल्पलाइन 181 आहे.

मार्चमध्ये ओंकार परत आला होता. मी म्हणलं आता काय रे? म्हणाला, "मॅडम, गुडघा. खरंच दुखतोय या वेळी."

फिजिओचा नंबर दिला.