घटस्फोटानंतर मुलीचे नाव कोणाच्या टॅक्स रिटर्नमध्ये?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली घटस्फोटाच्या डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाची, प्रत, दोन्ही नीट वाचले. सम वर्षी आईने आणि विषम वर्षी वडिलांनी मुलीला क्लेम करावे, म्हणजे आपल्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवावे, असे न्यू जर्सीच्या फॅमिली कोर्टाने स्पष्ट लिहून दिले आहे. त्यामुळे २०२५ च्या रिटर्नमध्ये तिचे नाव घालताना आता कोणाला विचारण्याचे कारण नाही, असे तू गृहीत धरले आहेस. नेमके तिथेच तुला थांबवायचे आहे. कोर्टाचा हुकूम तुम्हा दोघांना बांधतो, अमेरिकेच्या कर खात्याला, म्हणजे आयआरएसला, नाही. २००८ नंतरच्या डिक्रीची पाने रिटर्नला जोडून भागत नाही. क्लेमचा हक्क दुसऱ्या पालकाला देणारा, मुलीच्या आईची सही असलेला फॉर्म ८३३२ तुझ्या हातात असावा लागतो. ती सही द्यायला नकार देत असेल तर हुकूम मोडल्याची तक्रार घेऊन कोर्टात जाता येते, पण सहीशिवाय परस्पर क्लेम करता येत नाही.

याचे कारण असे की डिक्रीत ‘जॉइंट कस्टडी’ लिहिलेले असले तरी आयआरएस फक्त रात्री मोजते. वर्षभरात ज्याच्याकडे मुलगी अधिक रात्री राहिली, तो कस्टोडियल पालक आणि तिला क्लेम करण्याचा मूळ हक्क त्याचा. एक आड एक शनिवार-रविवार आणि दर बुधवार धरले तर तुझ्या वाट्याला शंभर-सव्वाशे रात्री येतात, म्हणजे कस्टोडियल पालक मुलीची आईच, इथे वादाला जागाच नाही. तुझी आई उन्हाळ्यात तिला पुण्याला घेऊन गेली, ते आठवडे आपल्या बाजूला धरावेत असे तू सुचवले आहेस; मात्र अशा तात्पुरत्या गैरहजेरीत, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे त्या रात्री ती ज्याच्याकडे असती, त्याच्याच खात्यात त्या जातात.

आता सही मिळाली असे समजू. त्या सहीने तुझ्याकडे काय येते? फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट. हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणारा एकटा पालक) हा दर्जा, पाळणाघराच्या खर्चावरचे क्रेडिट आणि कमी कमाईवाल्यांसाठीचे अर्न्ड इन्कम क्रेडिट या गोष्टी फॉर्मवर सही करून दुसऱ्याला देता येत नाहीत. पात्रता असेल तर त्या आईकडेच राहतात. फॉर्म हाती आला म्हणून हेड ऑफ हाउसहोल्डच्या चौकटीत खूण करणारे बाप मी दर वर्षी पाहतो. २०२५ साठी त्या दर्जाचे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट) २३,६२५ डॉलर आणि सिंगलचे १५,७५० डॉलर असल्यामुळे मोह होतो हे खरे, परंतु तू सिंगल म्हणूनच फाइल करायचे आहेस.

ज्या एका क्रेडिटसाठी हे पत्रापत्री चालले आहे, त्याचा हिशेब तू मांडलेला दिसत नाही, म्हणून मीच मांडतो. सतरा वर्षांखालच्या मुलासाठी २०२५ मध्ये ते २,२०० डॉलर आहे. तुझी मुलगी इथेच जन्मली, तिला सोशल सिक्युरिटी नंबर आहे, म्हणून ते पूर्ण लागू होते. एच-४ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर आलेल्या आणि केवळ आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा कर क्रमांक) असलेल्या मुलांवर ५०० डॉलरचेच दुसरे क्रेडिट मिळते. पण सिंगल माणसाचे उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर गेले की पुढच्या दर हजारामागे या क्रेडिटमधून ५० डॉलर कापले जातात. तुझा पगार आणि बोनस मिळून दोन लाख चाळीस हजार होतात. चाळीस वेळा ५० म्हणजे २,००० डॉलर गेले आणि तुझ्या हाती उरले २००. तेच नाव आईच्या रिटर्नमध्ये राहिले तर तिच्या पगारावर एक डॉलरही न कापला जाता २,२०० मिळतील. तुमच्या दोन घरांतून दोन हजार डॉलर निव्वळ बाहेर जातात आणि ते कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

म्हणून या वर्षी तू हक्क सोडावास, असे मला वाटते. तो फुकट सोडावास असे मी म्हणत नाही. उन्हाळी शिबिराच्या फीमधला तुझा वाटा तिने थोडा हलका करावा, असे सरळ मागता येईल आणि ते तिलाही परवडेल. मात्र जे ठरेल ते ईमेलवर न ठेवता दोघांच्या वकिलांमार्फत कन्सेंट ऑर्डरमध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने निघणाऱ्या कोर्टाच्या हुकुमात, घालून घे, आणि तुझे उत्पन्न घटले तर विषम वर्षाचा तुझा हक्क परत लागू होईल, हे वाक्य त्यात असू दे. नोकरीचा भरवसा आज कोणी देत नाही.

पुढे कधी फॉर्म घेण्याची वेळ आली तर फक्त पहिला भाग, म्हणजे त्या एका वर्षापुरता, भरून माग. दुसऱ्या भागात पुढच्या सगळ्या वर्षांची सही मागितलीस की समोरचा माणूस बिचकतो, आणि ते रास्तच आहे, कारण ती सही मागे घेतली तरी तुला तसे कळवल्याच्या पुढच्या वर्षापासूनच ते लागू होते. इलेक्ट्रॉनिक फाइलिंग करताना हा फॉर्म पीडीएफ म्हणून जोडता येतो, नाहीतर फॉर्म ८४५३ या कागदपत्रे पाठवण्याच्या फॉर्मसोबत टपालाने पाठवावा लागतो.

आणि सही नसताना आधी फाइल करून टाकण्याचा तुझ्या सहकाऱ्याचा सल्ला ऐकू नकोस. पूर्वी एकाच मुलाचे नाव असलेले दुसरे ई-रिटर्न सरळ परत येत असे. २०२५ च्या हंगामापासून आयपी पिन (ओळख पटवण्यासाठी आयआरएसने दिलेला क्रमांक) असलेल्याचे असे दुसरे रिटर्नही स्वीकारले जाते. त्यानंतर एकच नाव दोन रिटर्नमध्ये आल्याची सीपी८७ए ही नोटीस दोघांच्याही घरी जाते, कोणीच दुरुस्ती केली नाही तर तपासणी लागते आणि मग शाळेचा दाखला, डॉक्टरांचे पत्र असे पुरावे गोळा करावे लागतात. त्यात तुझी बाजू पडकी आहे, हे वर सांगितलेच. तिच्याशी या महिन्यातच बोल. एप्रिलच्या पंधरा तारखेच्या तोंडावर वकिलांना वेळ नसतो.

कळावे,
तुझा शुभचिंतक काका