‘तलाव’ फारसी नाही

प्रश्न असा आहे: अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रासमोरचे गोड्या पाण्याचे जलाशय म्हणजे ‘प्रियदर्शिनी तलाव’ की ‘प्रियदर्शिनी सरोवर’? ‘तलाव’ फारसी असल्याने टाळावा, असे विचारणाऱ्याला कुणीतरी सांगितले आहे.

हे ‘फारसी’ प्रकरण ऐकून ऐकून कान किटले. हिंदीतल्या ‘तालाब’मध्ये ‘आब’ दिसतो, आब म्हणजे पाणी, म्हणून शब्द परका, एवढाच यांचा पुरावा. अहो, मुळात संस्कृत ‘तडाग’ आहे. पालीत ‘तळाक’ आहे, आणि पाली ग्रंथ रचले गेले तेव्हा फारसीचा इथे मागमूसही नव्हता. षोडशचे सोळा झाले तसा ‘ड’चा ‘ळ’ झाला, नगरचे नेर होताना गळाला तसा मधला ‘ग’ गळाला, आणि प्राकृतात ‘तलाअ’, ‘तलाव’ तयार झाले. पुढे फारसी जाणणाऱ्यांना शेवटच्या ‘आव’मध्ये ओळखीचा ‘आब’ ऐकू आला आणि त्यांनी ‘तालाब’ केले. म्हणजे फारसी आहे ती फक्त शेपटी, आणि ती मराठीने लावूनही घेतली नाही! शुद्धिवादी नेमका आपलाच शब्द घराबाहेर काढताहेत. इराणमध्येही पाणथळीला ‘तालाब’ म्हणतात, हा त्यांचा हुकमी मुद्दा. माझ्या मते शब्द इकडून तिकडे गेला. ‘तळे’ हे ‘तळ’वरून आले असे सांगणारेही भेटतात. मला तेही पटत नाही. तळे हे तडागाचेच धाकटे अपत्य, असे माझे ठाम मत आहे.

सर म्हणजे जलाशय, आणि सरोवर म्हणजे सरांमध्ये वर, श्रेष्ठ. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, ‘पद्माकरस्तडागोऽस्त्री कासारः सरसी सरः’ अशी तडाग आणि सर यांची एकच पंगत आहे. लहान सरासाठी त्याने लगेच पुढे ‘वेशन्त’ आणि ‘पल्वल’ दिले आहेत. तेव्हा तडाग हलका आणि सर भारदस्त, ही उतरंड अमरसिंहाची नव्हे.

राहिले प्रियदर्शिनी. ‘मैत्री’ ज्यात आहे तो शिर्माखर ओॲसिस हा सुमारे 35 चौरस किलोमीटरचा उघडा खडकाळ पट्टा. त्यात अशी शंभरावर जलाशये आहेत. हिमनद्यांनी खडक खरवडला आणि त्या खळग्यांत वितळलेले पाणी साचले. हिवाळ्यात वरचा थर गोठतो, तरी खालचे पाणी केंद्राला मिळत राहते. अमरकोशातला पद्माकर, म्हणजे कमळांचे आगर, म्हणायला तिथे कमळ नाही. तळाशी सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे नीलहरित जिवाणूंचे, थर आहेत. आणि मराठीत तलाव म्हटला की पाळ, म्हणजे काठाचा बांध, आली, ठाण्याची तलावपाळी आठवा. इथे कुणी पाळ बांधलेली नाही. म्हणून मी ‘प्रियदर्शिनी तळे’ लिहीन. ‘सरोवर’ लिहिले तर चूक म्हणणार नाही. पण ‘तलाव’ खोडायचाच असेल तर पाळ नाही म्हणून खोडा, फारसी म्हणून नव्हे.