मुंबई ते चिपी: विमानाने किती अंतर, किती वेळ?

तुम्ही विचारलंय, मुंबईहून सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळाचं हवाई अंतर किती आणि सकाळी दादरहून निघालं तर दुपारच्या जेवणाला कुडाळात पोचता येईल का.

सरळ रेषेत अंतर सुमारे 350 किलोमीटर. घरी पडताळता येतं. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत 3.09 अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश साधारण 111 किलोमीटरचा, म्हणजे 343 किलोमीटर. रेखांशांत 0.67 अंश, आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण 106 किलोमीटरचा, म्हणजे 71. मग शाळेतला पायथागोरस लावला की 350. याच हिशेबाने गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा 385 आणि दाभोळी 425 च्या आसपास येतं.

एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी 500 च्या आसपास उडतं, म्हणजे गणिताने 42 मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा जास्त दिसेल. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात, चढता-उतरताना वेग कमी असतो आणि विमान सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या मार्गाने वळून येतं. जेट असलं तरी एवढ्याशा अंतरात दहाएक मिनिटंच वाचतात.

आता खरा हिशेब. दादर ते विमानतळ पाऊण तास, आधी पोचायचं म्हणून दीड तास (सामानाचा काउंटर बहुतेक ठिकाणी 60 मिनिटं आधी बंद होतो), उड्डाण 1 तास 20, सामान 20 मिनिटं, चिपी ते कुडाळ पंचवीसेक किलोमीटर, पाऊण तास. एकूण साधारण पावणेपाच तास. वंदे भारत पावसाळा सोडून सहा तासांच्या आत कणकवलीला सोडते, तिथून कुडाळ अजून पुढे. म्हणजे फायदा तासा-दोन तासांचाच. सकाळचं विमान असेल तर जेवायला पोचाल, पण चिपीची सेवा मधूनमधून बंद पडत आली आहे, म्हणून रजा टाकण्याआधी त्या तारखेला विमान आहे का ते पाहा.

नसेल तर मोपा. बुकिंग करताना 'गोवा' एवढंच बघू नका. विमानतळाचा कोड जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाभोळी. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना मोपा चिपीपेक्षाही जवळ, दाभोळीला उतरलात तर तासभर रस्ता वाढला. मुंबई की नवी मुंबई, तेही तिकिटावर वाचा. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की चिपीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, धावपट्टी दिसेनाशी होते. विमान घिरट्या घालतं, नाहीतर दुसरीकडे वळतं. त्या दिवशी पुढची गाडी अगदी लागून ठरवू नका.

परतताना आंबे असतील तर तोलून घ्या. सामानाची मर्यादा साधारण 15 किलो, आणि पाच डझनाच्या पेटीतले पाव-पाव किलोचे हापूसच 15 किलो भरतात, लाकूड वेगळं. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको, तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून त्याला मनाई आहे.