गरोदरपणात प्लास्टिकमधल्या रसायनांचा बाळाच्या हॉर्मोन्सवर खरंच परिणाम होतो का?

पाचवा महिना चालू आहे, एक व्हिडिओ पाहिल्यापासून घरातला प्रत्येक डबा विषारी वाटतोय, आणि सासूबाई तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गरम आमटी भरून ठेवतात, असं तुम्ही लिहिलंय. परिणाम होतो का? होतो. पण सगळे डबे आजच भंगारात काढू नका. मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. हा विषय आला की मी दरवर्षी सुरुवात प्लास्टिकने नाही, एका गोळीने करते.

डीईएस हे 1938 मध्ये तयार झालेलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या हॉर्मोनची नक्कल. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना ते दिलं गेलं. त्याने गर्भपात टळत नाही, हे शिकागोच्या चाचणीत 1953 मध्येच दिसलं होतं. तरी डॉक्टर लिहून देत राहिले (मला याचा अजूनही राग येतो). मग 1971 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी योनिमार्गाच्या एका अतिशय दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण मुलींची नोंद छापली. त्यातल्या सातजणींच्या आयांनी या मुली पोटात असताना डीईएस घेतलेलं होतं. म्हणजे गोळी आईने घेतली आणि दुखणं निघालं मुलीच्या तरुणपणी. पुढे अशा कितीतरी मुलींमध्ये गर्भाशयाचा आकार वेगळा आणि दिवस राहायला अडचण, हेही सापडलं.

असं होतं कारण अवयव घडताना हॉर्मोन अगदी कणभर लागतं, पण ते ठरलेल्या वेळीच लागतं. मुलग्याची जननेंद्रियं घडायचा मुख्य काळ साधारण आठवा ते चौदावा आठवडा. प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती थॅलेट्स नावाची रसायनं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या कामात खोडा घालतात. ज्या आयांच्या लघवीत ती जास्त होती, त्यांच्या मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मोजमापात किंचित फरक दिसतो, हे अमेरिकी संशोधक शॅना स्वॉन यांनी 2005 मध्ये दाखवलं. तुमचा तो काळ मागे पडलाय. मेंदूची घडण मात्र शेवटपर्यंत चालते आणि त्याला थायरॉईडचं हॉर्मोन लागतं. सुरुवातीचे महिने तर बाळ सगळं आईच्याच थायरॉईडवर काढतं. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासलं नसेल तर आधी ते तपासा, डबे नंतर.

आता प्रमाणाचं. डीईएस मिलिग्रॅममध्ये पोटात जायचं, डब्यातून उतरतं ते मायक्रोग्रॅममध्ये. आणि बीपीए (कडक प्लास्टिकमधलं, इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन), थॅलेट्स साधारण दिवसाभरात लघवीवाटे निघून जातात. पीसीबीसारखी चरबीत मुरणारी रसायनं वेगळी. 1979 मध्ये तैवानात ती राइस ब्रॅन तेलात मिसळली गेली, तर त्या आयांना सहा वर्षांनी झालेली मुलंसुद्धा बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडली. तुमच्या डब्यांचं तसं नाही. आज बदल केलात तर उद्या शरीरातलं प्रमाण उतरायला लागतं.

फोडणीचं गरम वरण प्लास्टिकच्या डब्यात ओतलं की डबा पिवळा पडतो आणि कितीही घासला तरी तो डाग जात नाही, पाहिलंय ना? तेलातली हळद प्लास्टिकात शिरते. उलटीकडूनही तसंच, प्लास्टिकातलं तेलात उतरतं. म्हणून गरम आणि तेलकट तेवढं स्टीलमध्ये किंवा काचेत. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक नकोच. उग्र वासाचे सेंट, रूम फ्रेशनर, नेलपॉलिश हे काही महिने बाजूला ठेवा, कारण सुगंधी मालात थॅलेट्स बरेच वापरतात. एटीएमच्या, दुकानाच्या गुळगुळीत पावत्या मुठीत धरून बसू नका, त्या कागदावर बऱ्याचदा बीपीएसारखी रसायनं असतात. ‘बीपीए फ्री’ लिहिलेल्या महागड्या डब्यांवर पैसे घालू नका, त्यात कधीकधी बीपीएचाच भाऊबंद बीपीएस असतो.

सासूबाईंना विज्ञान समजावत बसू नका. आमटी उतरवायच्या वेळी स्टीलचा डबा पुढे करा. आइस्क्रीमच्या डब्यात शेंगदाणे, सुकं खोबरं भरून ठेवा. माझ्या फळीवरही तसे चार आहेत.