आईकडे इटलीत बोलोन्याला पहिल्यांदाच जाताय तर

अगदी बिनधास्त जा, फक्त पहिल्याच ट्रिपमध्ये रोम, व्हेनिस, फ्लोरेन्स सगळं कोंबू नका, नवीन लोक हमखास हेच करतात आणि आईसोबत निवांत बसणं राहूनच जातं. त्यापेक्षा सकाळी तिच्या नेहमीच्या कॉफीवाल्याकडे जा, काउंटरशी उभ्या उभ्या एस्प्रेसो घ्या (टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे), मग तिच्यासोबत भाजी आणायला, आणि तिथे टोमॅटो दाबून बघू नका हां, दुकानदारालाच निवडून द्यायला सांगा, तो खूश होतो.

- दुपारी बरीच छोटी दुकानं बंद
- रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड
- भारतीय पासपोर्ट असेल तर आईने ४८ तासांत पोलिसांना पाहुणा आल्याचं कळवायचं असतं, तिला आत्ताच सांगून ठेवा

१५ ऑगस्टच्या आसपास निम्मं शहर सुट्टीवर असतं, जमलं तर मे किंवा सप्टेंबर बघा.