रात्री बारा ते चार कोण जागणार?

"मावशी, मी सीवूड्सला राहते. मिस्टर मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होते, गेल्या वर्षी नोकरी सोडली. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची ४२ फुटी शिडाची बोट कॅनरी बेटांवर असते. येत्या नोव्हेंबरात ती घेऊन आम्ही चौघांनी लास पाल्मासहून निघायचं आणि अटलांटिक ओलांडून सेंट लुसियाला पोचायचं, असं ह्यांनी ठरवलंय. २,७०० सागरी मैल, साधारण तीन आठवडे. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८. दोघं खूश आहेत, सासूबाईंनी मात्र अबोला धरलाय. ह्यांनी बोटीवरचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलंय. रात्रीची पाळी ह्यांची, मध्ये ऑटोपायलट लावून थोडी झोप. माझ्याकडे स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि पाण्याचा हिशोब. मला रात्रीचं काही बघायचं नाही, तेवढं बरं आहे. वीस वर्षं घर एकटीनं बघितलं, आता सगळं त्यांच्यावर सोपवावंसं वाटतं. मुलीचं सातवीचं वर्ष बुडेल का? आणि सासूबाईंची समजूत कशी घालू?"

सातवीचं वर्ष बुडत नाही. शाळेत अर्ज दे, पुस्तकं बरोबर ने, विषय संपला. सासूबाईंकडे नंतर येते. तू जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला, आधी त्याचं बोलू. रात्रीचं काही बघायचं नाही, तेवढं बरं आहे.

बरं नाही गं. बोटीवर मोठी माणसं दोन. त्यातलं एक रात्रभर जागणार आणि दिवसाही बोट तेच चालवणार. तुझ्या नवऱ्याला विचार, जहाजावर असं वेळापत्रक त्याने कधी मान्य केलं असतं का? तिथे २४ तासांत किमान १० तासांची विश्रांती बंधनकारक असते, तिची नोंद ठेवावी लागते, त्यावर सही होते. आणि समुद्रात असताना सतत नजर ठेवायची हा १९७२ च्या करारातला आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो शिडाच्या छोट्या बोटीलाही लागू आहे. क्षितिजावर दिवा दिसला की वीसेक मिनिटांत मालवाहू जहाज अंगावर येऊ शकतं. त्याला हे सगळं पाठ आहे. घरच्या माणसांना घेऊन निघताना ते त्याने बाजूला ठेवलं, कारण तुला त्रास द्यायचा नव्हता. त्याचा हेतू चांगला आहे, वेळापत्रक घातक आहे.

आता रात्री दोनची वेळ डोळ्यांसमोर आण. त्या पट्ट्यात वारा पाठीमागून येतो, बहुतेक वेळ छान वाहतो, पण रात्री एखादा काळा ढग येतो आणि दोन मिनिटांत वाऱ्याचा जोर दुप्पट होतो. शीड लहान करायला तो उठून पुढे डोलकाठीपाशी जातो. डेक ओला, डोळ्यांवर चार रात्रींची झोप. कमरेचा पट्टा अडकवायचा राहतो आणि पाय घसरतो. तू खाली मुलांजवळ झोपलेली. ऑटोपायलटला माणूस पडलेलं कळत नाही. सहा नॉटने बोट मिनिटाला १८५ मीटर जाते, पाच मिनिटांत जवळजवळ एक किलोमीटर. आणि तू सकाळी सहाला चहा ठेवायला उठशील.

समजा, तुला त्याची हाक ऐकू आली. मग तू काय करशील? कुठली दोरी सोडली की बोट थांबते? इंजिन चालू करण्याआधी पाण्यात दोरी लोंबत नाही ना, हे बघायचं असतं, माहीत आहे? भिजलेला ऐंशी किलोचा माणूस हातांनी वर ओढता येत नाही, शिडाच्या दोरीने आणि विंचने, म्हणजे दोरी ओढायच्या चक्राने, उचलावा लागतो. रेडिओवर ओरडशील, तर तो वीसपंचवीस मैलांपलीकडे पोचत नाही. उपग्रहावरून संकटाचा संदेश जाईल, पण वळून येणाऱ्या जहाजाला दिवसभरही लागू शकतो. तोवर त्या बोटीची कप्तान तू आणि तुझ्या पदरात दोन मुलं.

वीस वर्षांनी कुणावर तरी भार टाकावासा वाटतो, हे मला मनापासून कळतं. तो बोटीवर असताना शाळेचे दाखले, आजारपणं, सोसायटीची भांडणं, सगळं तू एकटीनं निस्तरलं असशील. दमली आहेस. तर मग घरी दम. बँकेची कामं त्याच्यावर टाक, मुलीच्या गणितापासून सासूबाईंच्या औषधांपर्यंत सगळं त्याला बघू दे. समुद्रावर मात्र सोपवून मोकळं होता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नौदलाच्या अधिकारी दिलना आणि रूपा गोव्याहून तारिणी ही शिडाची बोट घेऊन निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. बोटीवर दोघीच होत्या, पण बोट दोघींनाही चालवता येत होती.

तू जावंस असं मला फार वाटतं. पहिले तीन दिवस उलट्या होतील, मुलं तुझ्याआधी सावरतील. पुढे कुकरमधली खिचडी आहे. शिडाच्या बोटीवर कुकरसारखं भांडं नाही, बोट कलली तरी झाकण निघत नाही. भाजीत शेवटपर्यंत कोबी, कांदे आणि भोपळा टिकतील, केळी मात्र सगळी एकाच दिवशी पिकतील. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोडं पाणी पिण्याला आणि भाताला. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले सापडतील आणि मुलगा त्यांच्यासाठी सगळ्यांआधी उठेल. पश्चिमेला जाता जाता घड्याळ एकूण चार तास मागे घ्यायचं, त्यावरून मुलीला भूगोलाचा असा धडा मिळेल की ती तो जन्मभर विसरणार नाही. आणि बारा ते चार ही पाळी तुझी असेल, तर सगळे झोपलेले असताना बोट तुझ्या हातात असेल. ते सुख त्याने एकट्याने का घ्यावं?

म्हणून यंदाचा नोव्हेंबर रद्द. पुढच्या नोव्हेंबरात जा, तेही एका अटीवर. किनाऱ्याजवळ दिवसाउजेडी पाण्याचा रिकामा कॅन समुद्रात फेकायचा. नवरा खाली केबिनमध्ये, तोंड बंद. मुलगी कॅनकडे बोट दाखवून उभी राहील, नजर हलवायची नाही. ते काम बारा वर्षांच्या मुलीला उत्तम जमतं. बोट वळवून, थांबवून तो कॅन तू एकटीने वर काढायचास. लागोपाठ पाच वेळा जमलं की तिकिटं काढा.

सासूबाईंना एवढंच सांग: यंदा जात नाही, आधी मी बोट शिकते. बहुतेक त्यांचा अबोला तिथेच सुटेल. आपला मुलगा पाण्यात पडला तर बोट वळवणारं कुणी नाही, ही भीती त्यांना तुझ्याआधी कळली असावी.

गेटवेच्या आसपास शिडाच्या बोटी शिकवणारे क्लब आहेत, पाऊस संपला की सुरू होतात. रविवारी सकाळची हार्बर लोकल पकड, सीएसएमटीला उतर आणि जा. नवऱ्याला बरोबर नेऊ नकोस. तो शेजारी असला की पहिल्याच झोताला तुझ्या हातातली दोरी काढून घेईल.