विद्युत विभव: 'गोलाचा' की 'बिंदूपाशी'?

प्रश्न असा आहे: पाठ्यपुस्तकात 'विद्युत विभव' असतो, वीजपुरवठ्याच्या कागदांवर मात्र 'उच्चदाब' आणि 'लघुदाब' असे लिहिलेले असते, हा विभव आणि हा दाब एकच काय, आणि 'विभव' व 'वैभव' यांचे काही नाते आहे काय?

नाते आहे. 'वैभव' हा शब्द 'विभव' या संस्कृत शब्दावरूनच साधलेला असून 'विभव' म्हणजे सामर्थ्य, ऐश्वर्य, संपत्ती. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीन यांनी १८२८ च्या निबंधात या राशीसाठी जे 'पोटेन्शियल' हे नाव योजले, त्याचे लॅटिन मूळही सामर्थ्यवाचकच आहे. मराठीत 'वर्चस्' असाही प्रतिशब्द वापरला गेला आहे. त्याचा अर्थ तेज. परंतु संस्कृतात त्याच शब्दाचा विष्ठा असाही अर्थ असल्यामुळे तो मागे पडल्याचे मला फारसे दुःख नाही.

सामर्थ्य किंवा ऐश्वर्य म्हटले की ते कोणाचे तरी असते, आणि घोटाळा नेमका तेथे होतो. 'प्रभाराचा विभव' (प्रभार म्हणजे विद्युत भार, 'चार्ज') असे वाचल्यावर विद्यार्थ्याला तो प्रभाराच्या गाठीशी असलेला साठा वाटतो. वास्तविक विभव सांगायचा असतो तो अवकाशातील बिंदूपाशी: अनंत अंतरावरून धन प्रभार त्या बिंदूपर्यंत सावकाश आणताना दर कूलोममागे (कूलोम हे प्रभाराचे एकक) जितके कार्य करावे लागते, तितका तेथील विभव. १ नॅनोकूलोमच्या बिंदुप्रभारापासून १ मीटरवर तो सुमारे ९ व्होल्ट असतो आणि २ मीटरवर साडेचार, मग तेथे दुसरा प्रभार ठेवलेला असो वा नसो. म्हणून 'प्रभारामुळे अमुक बिंदूपाशी असलेला विभव' ही रचना लांबलचक असली तरी मी तीच वापरतो. प्रभारित धातुगोलाबाबत मात्र षष्ठी ('गोलाचा') निर्दोष आहे, कारण प्रभार स्थिरावल्यावर गोलाच्या पृष्ठभागावर आणि आत सर्वत्र विभव सारखाच असतो. तेवढाच प्रभार १० सेंटिमीटर त्रिज्येच्या, एकट्या असलेल्या गोलावर असेल, तर 'गोलाचा विभव सुमारे ९० व्होल्ट' असे खुशाल म्हणावे, जरी आतील विद्युत क्षेत्र, म्हणजे तेथे ठेवलेल्या एकक प्रभारावरील बल, शून्य असले तरी.

'शून्य विभव' या प्रयोगातही तोच चकवा आहे. शून्य वैभव म्हणजे कंगाली. पण समान आणि विरुद्ध अशा दोन प्रभारांच्या बरोबर मध्यावर विभव शून्य असूनही विद्युत क्षेत्र चांगलेच जोरदार असते.

आता दाब. घरातील २३० व्होल्ट हा दाब दोन तारांमधला असतो. म्हणजे व्यवहारातला 'दाब' हा विभव नसून विभवांतर होय. उघड्या तारेवर बसलेल्या पक्ष्याच्या दोन्ही पायांपाशी विभव जवळजवळ सारखाच असल्याने तो सुखरूप राहतो, मग त्या तारेचा जमिनीच्या तुलनेत विभव कितीही का असेना. 'विभवांतर' शब्दातील 'अंतर' हे 'भाषांतर'मधल्यासारखे 'दुसरा' या अर्थाचे नाही आणि मीटरमध्ये मोजायचेही नाही. येथे त्याचा अर्थ केवळ फरक.